अंगणात रात्री कोण येऊन गेले?



या अंकातील पाठाचा विषय ऐकून घरातली आजी नाक मुरडेल आणि पाचवी-सहावीची मुले तोंडावर हात ठेवून हसतील. विषय आहे प्राण्यांची विष्ठा. हसून घ्या, हरकत नाही. पण नंतर पाठ पूर्ण वाचा. कारण ही साधी गोष्ट ओळखता न आल्यामुळे या जानेवारीत आपल्या शाळेतील आठवीची एक मुलगी नऊ दिवस शाळेत येऊ शकली नाही, आणि एका शेतात विष घातलेले मांस ठेवण्याची तयारीसुद्धा झाली होती.

घडले ते असे

ही मुलगी खंडवा रस्त्यावर, सिमरोलच्या पुढे, शेतातल्या घरात राहते. घरी आई-वडील, आजोबा, दोन म्हशी आणि चार शेळ्या. शाळेची बस मुख्य सडकेवर थांबते. तिथपर्यंत दीड किलोमीटर कच्चा रस्ता आहे आणि त्यातला निम्मा नाल्याच्या काठाने जातो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. ही मुलगी सव्वासहाला घरातून निघते, म्हणजे सगळा रस्ता अंधाराचा.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तिच्या वडिलांना पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर कसलीतरी विष्ठा दिसली. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागच्या पायवाटेवर दिसली. मग नाल्याकाठी पांढरे गोळे दिसले. त्याच सुमारास शेजारच्या शेतकऱ्याचा कुत्रा रात्रीतून नाहीसा झाला. त्या काकांनी सगळे पाहून निकाल दिला, "तेंदुआ है." दोन दिवसांत ही बातमी आसपासच्या सगळ्या शेतांत पोचली, आणि सोमवारपासून आजोबांनी नातीचे शाळेत जाणे बंद केले.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. पाच दिवस हजेरीपटावर तिची गैरहजेरी लागत होती, पण शाळेतून एकही फोन गेला नाही. ताप-खोकला असेल असे आम्ही धरून चाललो. सहाव्या दिवशी, शनिवारी, फोन केला तेव्हा सर्व हकिगत कळली. आजोबा म्हणाले, "परीक्षेपुरती येईल. पोरीचा जीव मोठा की शाळा मोठी?"

आजोबांचे काही चुकत नव्हते. बिबट्या खरोखर असता तर त्यांचेच म्हणणे बरोबर होते. प्रश्न एवढाच होता की, तिथे कोण आले होते? रविवारी सकाळी आम्ही आणि आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई त्यांच्या शेतावर गेलो. तिथे काय निघाले ते पुढे सांगतो. आधी पाठ.

पहिला नियम: हात लावायचा नाही

कोणत्याही प्राण्याच्या विष्ठेला उघड्या हाताने स्पर्श करू नये. कुत्रा, कोल्हा, मांजर यांच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण हातावरून तोंडात गेली तर माणसाला आजार होतो. म्हणून लांब काडी वापरा, फार वाकून तोंड जवळ नेऊ नका, वास घेऊ नका, आणि नंतर साबणाने हात धुवा. घरातली उंदराची किंवा वटवाघळाची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, कारण तिची धूळ श्वासातून आत जाते. आधी फिनाइलचे पाणी शिंपडा, नाकावर रुमाल बांधा, मग गोळा करा. हे काम मोठ्यांचे आहे, मुलांनी करू नये.

नावांचा घोळ

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलो तेही हिंदीत. घरी आई मराठी नावे सांगायची आणि गावातले लोक माळवी. त्यामुळे तीन भाषांतला घोळ आम्ही लहानपणापासून पाहिला आहे. आपल्या शाळेतली बहुतेक मुले हिंदीतल्या 'लोमड़ी'ला मराठीत 'कोल्हा' म्हणतात. ते बरोबर नाही. कोल्हा म्हणजे हिंदीतला 'सियार'. लोमड़ी म्हणजे आपली 'खोकड'. 'लकड़बग्घा' म्हणजे 'तरस', त्यालाच माळव्यात 'जरख' म्हणतात. 'साही' म्हणजे 'साळिंदर'. 'तेंदुआ' म्हणजे 'बिबट्या'. खेड्यात पुष्कळदा बिबट्यालाच 'चीता' म्हणतात, पण चित्ता हा वेगळा प्राणी आहे. तो भारतातून नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, कूनो येथे, तो आफ्रिकेतून आणून सोडला गेला.

सर्वांत वाईट नशीब 'कबर बिज्जू'चे. या नावामुळे लोकांना वाटते की हा प्राणी कबरी उकरून प्रेते खातो. पुष्कळ ठिकाणी हे नाव उदमांजराला लावतात. ते बिचारे फळे, उंदीर आणि किडे खाऊन राहते, पण नुसत्या नावामुळे लोक त्याला काठीने मारतात.

विष्ठेसाठी मात्र मराठीत छान वेगवेगळे शब्द आहेत. गाई-म्हशीचे शेण, घोड्याची आणि हत्तीची लीद, शेळीच्या आणि उंदराच्या लेंड्या, पक्ष्यांची शीट. आपल्या पूर्वजांना हा फरक रोज दिसत होता, म्हणूनच शब्द वेगळे झाले.

पाच प्रश्न

विष्ठा दिसली की लगेच नाव सांगू नये. आधी हे पाच प्रश्न विचारावेत.

१. कुठे पडली आहे? वाटेच्या मधोमध, गवतात, भिंतीवर, दगडावर, की बिळाच्या तोंडाशी?

२. आकार आणि माप काय? जवळ दहा रुपयांचे नाणे ठेवून फोटो काढावा. हे नाणे २७ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे नंतर फोटोवरून माप कळते.

३. एकच आहे की ढीग? ताजी की वाळलेली? एकाच जागी जुनी आणि नवी दोन्ही असेल, तर तो प्राणी तिथे वारंवार येतो.

४. आत काय आहे? गवताचे धागे, बिया, किड्यांचे पंख, केस, हाडांचे तुकडे? काडीने मोडून पाहावे.

५. आजूबाजूला काय आहे? पावलांचे ठसे, उकरलेली माती, पडलेला काटा, पिसे, मेलेले जनावर?

या पाचांपैकी एकाच उत्तरावरून निकाल देऊ नये. तीन-चार उत्तरे एकाच प्राण्याकडे बोट दाखवू लागली, म्हणजे बोलावे.

घरातले आणि ओट्यावरचे पाहुणे

सर्वांत सोपी पालीची विष्ठा. काळी, बारीक, आणि एका टोकाला पांढरा ठिपका. हा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. आपण जे लघवीवाटे बाहेर टाकतो, ते पाली आणि पक्षी घट्ट पांढऱ्या रूपात टाकतात. चिमणी-कबुतरांच्या शिटेतला पांढरा भागही तोच.

उंदराच्या लेंड्या काळ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. लहान उंदराच्या जिऱ्याएवढ्या, मोठ्या उंदराच्या एक-दीड सेंटिमीटर. किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांची विष्ठा दिसायला अगदी उंदरासारखीच असते, पण काडीने दाबली की तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार तुकडे दिसतात. उंदराची वाळलेली लेंडी कडक असते, असा भुगा होत नाही.

पावसाळ्यात ओट्यावर कधी कधी करंगळीएवढी काळी विष्ठा दिसते आणि घरचे लोक म्हणतात, रात्री मांजर आले होते. ती बहुधा खरबरीत अंगाच्या मोठ्या बेडकाची असते! एवढ्याशा प्राण्याची एवढी मोठी विष्ठा, म्हणून विश्वास बसत नाही. मोडून पाहिली तर आत नुसती मुंग्यांची डोकी आणि भुंग्यांची कवचे.

आणि एक वस्तू अशी, जी विष्ठा नाहीच. जुन्या वाड्यात किंवा धान्याच्या कोठीजवळ काळपट राखाडी, केसाळ गोळ्या सापडतात. आत उंदराची कवटी, दात, बारीक हाडे. या गोळ्या घुबड तोंडाने बाहेर टाकते. घुबड उंदीर अख्खा गिळते, आणि जे पचत नाही ते केस आणि हाडे गोळी करून ओकून टाकते. ज्या घरी अशा गोळ्या सापडतात, त्या घरच्या शेतकऱ्याने घुबडाला अपशकुनी म्हणू नये. ते त्याचे धान्य राखत असते.

गवत-पाला खाणारे

शेळीच्या लेंड्या सर्वांना माहीत आहेत. हरणे, नीलगाई यांच्याही लेंड्याच असतात. हे रवंथ करणारे प्राणी. अन्न दोनदा चावले जाते, आणि मोठ्या आतड्यात त्यातले पाणी शोषले जाऊन कोरड्या गोळ्या तयार होतात. गाई-म्हशीही रवंथ करतात, पण त्यांच्या आतड्यात तितके पाणी शोषले जात नाही, म्हणून त्यांचे पातळ शेण पडते.

सशाच्या लेंड्या गोल, दोन्ही बाजूंनी किंचित दाबलेल्या, हरभऱ्यापेक्षा मोठ्या. मोडल्या तर आत वाळक्या गवताचा भुसा. ससा आपली एक प्रकारची मऊ विष्ठा पुन्हा खातो, म्हणजे तेच अन्न दोनदा पचवतो. आपल्याला दिसतात त्या दुसऱ्या फेरीच्या कोरड्या लेंड्या.

नीलगाय, म्हणजे आपल्या माळव्याचा 'रोजडा'. तिच्या लेंड्या शेळीपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात, पण खरी ओळख ढिगाची. नीलगाई एकाच ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे मोठा पसरट ढीग तयार होतो. हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या शेताच्या बांधावर असा ढीग दिसला, तर त्या कोणत्या बाजूने शेतात शिरतात ते कळते आणि कुंपण कुठे मजबूत करायचे तेही.

साळिंदराच्या लेंड्या लांबट, किंचित वाकड्या, खारकेच्या बीसारख्या. कधी कधी एकीला एक चिकटून माळेसारख्या. जवळपास काळा-पांढरा काटा पडलेला मिळाला, तर शंका उरत नाही.

रानडुकराची विष्ठा गोळे एकमेकांवर दाबून बसवल्यासारखी असते. पण ती दिसण्याआधीच नांगरल्यासारखी उकरलेली जमीन दिसते. बटाट्याचे शेत असेल तर शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

फळे, किडे आणि मांस खाणारे

आता कठीण भाग. मांस खाणाऱ्यांच्या विष्ठेत केस असतात. केस पचत नाहीत. पोटातून जाताना ते हाडांच्या अणकुचीदार तुकड्यांभोवती गुंडाळले जातात. त्यामुळे ही विष्ठा पीळ घातलेल्या दोरीसारखी आणि टोकाला निमुळती दिसते.

उदमांजर. याची सवय अशी की ते उंच जागी विष्ठा टाकते. भिंत, मोठा दगड, पडलेले झाड, कौलारू छप्पर. ऋतूप्रमाणे आत बिया असतात: हिवाळ्यात बोराच्या आठळ्या, उन्हाळ्याच्या शेवटी जांभळाच्या बिया. बिया अख्ख्या, न चावलेल्या.

कोल्हा. विष्ठा साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाड, पिळलेली, टोकदार. जागा म्हणजे पायवाट, वाटांचा फाटा किंवा गवताचा उंचवटा. आत उंदरांचे केस, किड्यांचे तुकडे आणि हिवाळ्यात भरपूर बोरे. कोल्ह्याने कोंबडी पळवलेली सर्वांना आठवते, पण त्याने रात्रभर खाल्लेले शेतातले उंदीर कोणी मोजत नाही. कोल्हा आणि उदमांजर दोघेही बिया दूरवर नेऊन टाकतात. बांधावर कोणी न लावलेली बोरीची झाडे उगवतात, त्यांतली कित्येक यांची कृपा.

खोकड. कोल्ह्याहून लहान प्राणी, विष्ठाही लहान. बहुधा माळरानावर, बिळाच्या आसपास.

रानमांजर. तुकड्या-तुकड्यांची, गुळगुळीत विष्ठा, आत बहुतेक उंदरांचे केस.

तरस. हा मेलेल्या जनावरांची हाडे चावून पचवतो. हाडांतल्या चुन्याच्या अंशामुळे विष्ठा वाळल्यावर खडूसारखी पांढरी होते. आकार सुट्या गोळ्यांचा, आणि एकाच जागी वारंवार टाकलेली.

बिबट्या. जाडी बहुधा दोन ते तीन सेंटिमीटर, तुकडे एकमेकांना जोडलेले, आत भरपूर केस आणि हाडांचे तुकडे. जागा वाटेच्या मधोमध. जवळ कधी मागच्या पायांनी जमीन ओरबाडल्याची खूण असते. ठसा मिळाला तर फार मदत होते. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढतात, म्हणून ठशात नखे दिसत नाहीत. कुत्रा, कोल्हा आणि तरस यांच्या ठशात नखे उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो.

आणि गावातला कुत्रा? पोळी-भातावर वाढलेल्या कुत्र्याची विष्ठा एकसारखी मऊ असते, आत केस नसतात. पण हिंडून मेलेली जनावरे खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याची विष्ठा केसाळ असते आणि बिबट्याच्या मापाचीही असू शकते. त्यामुळे नुसत्या जाडीवरून 'बिबट्या' म्हणणे धोक्याचे आहे, आणि नुसत्या जाडीवरून 'कुत्रा' म्हणणे त्याहून धोक्याचे.

त्या शेतात काय निघाले

रविवारी सकाळी हौदापाशी पोचलो. कठडा जमिनीपासून कमरेएवढा उंच. त्यावरच्या विष्ठेत बोराच्या अख्ख्या आठळ्या, पंधरा-वीस तरी असतील. बाईंनी मुलीलाच विचारले, "बिबट्या बोरे खाईल का गं?" ती आठ दिवसांत पहिल्यांदा हसली, असे तिच्या आईने सांगितले. हे उदमांजर होते. हौदाच्या वरच बोरीची फांदी आहे.

गोठ्यामागच्या पायवाटेवरची विष्ठा पिळलेली, टोकदार, नाण्यापेक्षा बरीच कमी जाड. आत उंदराचे केस आणि पुन्हा बोरे. शेजारी मऊ मातीत नखांसह उमटलेला लहान ठसा. हा कोल्हा.

नाल्याकाठच्या पांढऱ्या गोळ्यांपाशी मात्र आम्ही चुकलो. बिबट्याची विष्ठाही फार जुनी झाली की पांढुरकी पडते, हे आम्हाला माहीत होते. अर्धवट ज्ञान. आम्ही बाईंना हळूच म्हटले, "ही मात्र त्याचीच वाटते." आजोबांनी ते ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. शेजारचे काका लगेच म्हणाले, "माटसाब, मैं तो पहले दिन से बोल रहा हूँ." नाल्यापलीकडे गावची मेलेली जनावरे टाकण्याची जागा आहे. तिथल्या मेलेल्या वासराच्या मांसात कीटकनाशक घालून ठेवायचे, असे त्यांचे ठरले होते. औषधाची बाटली घरात आणून ठेवलेली होती.

आम्ही त्यांना दोन दिवस थांबण्याची विनंती केली. वन विभागाला कळवले आणि फोटो पाठवले. मंगळवारी वनरक्षक आले, ज्यांना आपल्याकडे नाकेदार म्हणतात. त्यांनी जागा पाहिली आणि दहा मिनिटांत सांगितले की हा तरस. गोळे सुटे आहेत, नवे-जुने सगळे एकाच जागी आहेत, आत हाडांचा चुरा आहे पण केस कमी आहेत, आणि शंभर पावलांवर मेलेल्या जनावरांची जागा आहे. पाचही प्रश्नांची उत्तरे तिथे समोर होती. आम्ही मात्र एकाच उत्तरावर, रंगावर, थांबलो होतो. मुलांना जो नियम शिकवतो, तो आम्हीच मोडला.

काकांनी विचारले, "मग माझा कुत्रा कुठे गेला?" वनरक्षकांनी 'इथे बिबट्या नाहीच' असे म्हटले नाही. ते म्हणाले, आज इथे त्याची एकही खूण नाही. पण चोरलचे जंगल जवळ आहे, तो येऊ शकतो, म्हणून सावधगिरी कायम ठेवा. हे उत्तर आम्हाला फार आवडले. कुत्र्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

विषाबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये वन्य प्राण्याला विष घालणे हे शिकारीतच धरलेले आहे. शिवाय ते मांस तरसाने, कोल्ह्याने, गावच्या कुत्र्यांनी, कावळ्यांनी, सगळ्यांनीच खाल्ले असते. नाल्याचे पाणी म्हशी पितात ते वेगळेच. काकांनी बाटली परत शेतातल्या पेटीत ठेवली. मेलेले वासरू खोल खड्ड्यात पुरले गेले.

बुधवारी गोठ्याला दार बसले. गुरुवारी मुलगी शाळेत आली. आता वडील किंवा आई बॅटरी घेऊन तिला सडकेपर्यंत सोडतात, आणि पुढच्या शेतातली दोन मुलेही बरोबर असतात. आल्या दिवशी तिने आम्हाला विचारले, "सर, म्हणजे मी रोज कोल्ह्याच्याच वाटेने येत होते?" आम्ही म्हटले, "हो बेटा, आणि तो तुझ्या वाटेने."

मोठे शास्त्रज्ञही हेच करतात

हे काम फक्त खेड्यातले नाही. देशव्यापी व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते. तीत वनकर्मचारी ठरलेल्या वाटांवरून पायी चालतात आणि मांसाहारी प्राण्यांची विष्ठा, ठसे, ओरखडे यांची नोंद करतात. कॅमेरे त्यानंतर लागतात. याच गणनेच्या २०२२ च्या फेरीवरून देशात सुमारे १३,८७४ बिबटे असल्याचा अंदाज आला, आणि त्यांत सर्वाधिक ३,९०७ मध्य प्रदेशात. म्हणून आजोबांची भीती अगदीच निराधार होती असे कोणी समजू नये.

विष्ठेबरोबर आतड्याच्या अस्तरातील पेशीही बाहेर पडतात. त्यांतल्या डी.एन.ए.वरून प्रयोगशाळेत प्राण्याची जात आणि कधी कधी नेमका कोणता प्राणी, तेही ओळखता येते. आत सापडलेला केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की तो शेळीचा, कुत्र्याचा की हरणाचा हे त्याच्या खवल्यांच्या नक्षीवरून कळते.

महाराष्ट्रातील अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी शेतांमध्ये राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा असा अभ्यास केला. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के पाळीव व गावातले प्राणी निघाले, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांचा वाटा त्यापेक्षा पुष्कळच कमी. यातून व्यवहाराचा धडा मिळतो. घराजवळ उकिरडा आणि मोकाट कुत्री जितकी जास्त, तितके बिबट्याला जवळ येण्याचे कारण जास्त. बंदुकीपेक्षा झाडू अधिक उपयोगी पडतो.

शेतात राहणाऱ्या पालकांसाठी

शेळ्या-वासरे रात्री दाराच्या गोठ्यात बांधावीत. मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये. खरकटे आणि कोंबडीचा कचरा घराजवळ साठू देऊ नये. अंधारात मुलांनी एकट्याने जाऊ नये. बॅटरी असावी आणि मोठ्याने बोलत चालावे. लहान मुलांना पहाटे शौचाला एकटे पाठवू नये. शंकास्पद विष्ठा किंवा ठसा दिसल्यास त्यावर टोपली पालथी घालावी, नाण्यासह फोटो काढावा आणि वन विभागाला कळवावे. आणि कृपा करून, खात्री होण्याआधी बातमी पसरवू नये.

स्वाध्याय

इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांनी एका महिन्यात किमान पाच नोंदी कराव्यात: तारीख, जागा, माप, आत काय दिसले, आजूबाजूला काय होते, आणि शेवटी आपला अंदाज. अंदाजाशेजारी 'खात्री', 'बहुधा' किंवा 'माहीत नाही' यांपैकी एक लिहावे. 'माहीत नाही' लिहिणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत. शहरात राहणाऱ्यांनी पाल, उंदीर, कबुतर यांपासून सुरुवात करावी. वस्तू शाळेत आणू नये, फक्त वही आणावी.

विश्वस्त मंडळास

दोन विनंत्या आहेत. डिसेंबर आणि जानेवारीत खंडवा रस्त्याची बस वीस मिनिटे उशिरा निघावी, आणि त्या मार्गावरच्या मुलांना पहिल्या तासाला उशिराची सूट असावी. बाहेरगावाहून येणारी एकूण तेवीस मुले आहेत. दुसरे, कोणताही विद्यार्थी सलग दोन दिवस न आल्यास तिसऱ्या दिवशी सकाळी घरी फोन जावा, असा नियम लेखी करावा. त्याची सुरुवात आम्ही आमच्यापुरती केलेली आहे.

त्या मुलीच्या वहीत आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. सातव्या नोंदीत जागेच्या रकान्यात 'आजोबांच्या खाटेखाली' असे लिहिले आहे, आणि अंदाज, 'बेडूक. खात्री.'